वाट बघा, उत्तर येतंय

(सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानात तीस वर्षं दिवाणजी होतो, आता घरीच असतो, त्यामुळे वाचकांची पत्रं आणि मेसेज वाचायला वेळच वेळ आहे. यावेळी थोडेच प्रश्न घेतलेत कारण पहिल्याच प्रश्नानं डोकं फिरवलं. नावं छापू नका असं बहुतेकांनी बजावलंय म्हणून नुसती गावं देतोय.)

प्रश्न : चहावाल्याला फोनवरून दहा रुपये पाठवले की त्याच्या गाड्यावरचा डबा लगेच ओरडतो, दहा रुपये मिळाले म्हणून. माझा ऊस तोडून नेऊन दोन महिने झाले, त्याचं बिल कुठल्या रस्त्यानं येतंय? बैलगाडीनं?
— एक ऊसवाला, वाळवा तालुका

बैलगाडीनं निघालं असतं तर एव्हाना पोचलं असतं ओ. तुमचं बिल अजून निघालेलंच नाही.

असं बघा, यूपीआय २०१६ साली आलं, तेव्हापासून आपल्याला वाटायला लागलंय की पैसा म्हणजे नळाचं पाणी, चावी फिरवली की आलं. पण तुम्ही चहावाल्याला दहा रुपये पाठवता तेव्हा ते तुमच्या खात्यात असतात म्हणून जातात, एवढी साधी गोष्ट त्या डब्याच्या ओरडण्यात आपण विसरतो. कारखान्याच्या खात्यात तुमचे पैसे नसतात, तुमची साखर असते, ती पण गोडाऊनमधे, पोत्यात, आणि ती पोती बँकेकडे तारण. ऊस गाळायचा चार-पाच महिन्यात आणि साखर विकायची बारा महिने, त्यातही कुठल्या महिन्यात किती विकायची त्याचा कोटा केंद्र सरकार ठरवणार. मग बँक पोत्यामागं उचल देते, त्यातनं आधी बँक स्वतःचं मागचं कापून घेते, मग तोडणी-वाहतूकवाल्यांचं भागवायचं, पगार भागवायचे, आणि उरलं की तुमचा नंबर.

कारखानदारांची बाजूपण ऐकून घ्या, नाहीतर ते मला पत्र लिहितील. २०१८-१९ ला एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, क्विंटलला २७५ होती, २०२५-२६ ला ३५५ झाली, म्हणजे टनाला ३५५० (सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला, आणि त्यातनं तोडणी-वाहतूक वजा, हे सभेत सांगताना हळू आवाजात सांगतात). तिकडं साखरेचा किमान विक्री दर २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ रुपये केला तो वर्षानुवर्षं तिथंच बसून राहिला. त्यांची ओढाताण होते हे खरंय.

पण मला दिवाणजी म्हणून एक कळतं. बँक थांबली तर व्याज लावते, डिझेलचा पंपवाला थांबत नाही, मुकादम तर हंगामाच्या आधीच उचल घेऊन बसलेला असतो. या सगळ्यात फुकट थांबणारा एकच माणूस, तुम्ही. म्हणून थांबायची पाळी फिरून फिरून तुमच्यावर येते. कायद्यात तुम्ही फुकट थांबायचं असं कुठंही लिहिलेलं नाही, उलट १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात स्पष्ट आहे की चौदा दिवसात पैसे द्यायचे, नाहीतर उशिराच्या दिवसांवर वर्षाला पंधरा टक्के व्याज. हे व्याज मागितलेला माणूस मी एकच बघितलाय, माझा धाकटा भाऊ. बिल सत्तराव्या दिवशी जमा झालं, हा कागदावर व्याजाचा आकडा काढून ऑफिसात गेला. कारकुनानं कागद नीट वाचला, घडी घालून परत दिला, आणि चहा पाजला. चांगला होता म्हणाला चहा, आलं घातलेला.

तुम्ही असं करा, वजनाच्या पावत्या तारखेप्रमाणे लावून ठेवा, फोनमधे फोटो काढून ठेवा, आणि दहा-पंधरा जणांनी मिळून पुण्याला साखर आयुक्तांकडं लेखी अर्ज द्या. थकलेली एफआरपी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायचा आदेश तिथनं निघतो, त्याला आरआरसी म्हणतात. एकट्यानं जाऊ नका, एकट्याला चहाच मिळतो.

प्रश्न : रीलमधे बघून कास पठारावर गेलो, कुठंच गालिचा वगैरे नव्हता, चिखल आणि धुकं. फसवणूक म्हणायची का?
— इचलकरंजीहून चार मित्र

कोणत्या महिन्यात गेलात ते लिहिलं नाहीत, यावरनंच समजलं. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरवातीपर्यंतचा खेळ आहे तो, आणि त्यातही दर आठ-दहा दिवसांनी रंग बदलतो, म्हणजे तुमच्या आधी गेलेल्याला जे दिसलं ते तुम्हाला दिसणार नाही आणि रील बनवणाऱ्याला तर तुमच्या सुट्टीशी काय घेणंदेणं. खाली सगळा कातळ, वर माती बोटभर, तेवढ्यात सीतेची आसवं, गेंद, तेरडा उगवतात तेच नवल आहे. टोपली कारवीला तर सात वर्षांनी एकदा फुलायचं असतं. तिथं डबक्यात वायतुरा म्हणून एक येतो, इंग्रजी वायसारखा दिसतो, त्याच्या शास्त्रीय नावात सातारा आहे. सातारकर जागतिक वारसा २०१२ पासून मिरवतात पण हे कुणी सांगत नाही, मला एका सातारकर रिक्षावाल्यानं सांगितलं.

पुढल्या वर्षी सप्टेंबरमधे आठवड्याच्या मधल्या वारी जा. चौघंच जा, स्पीकर घरी ठेवा.

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी सांगलीत आलो, गावभागात भाड्यानं राहतो. पावसाळ्यात बाहेर चक्क ऊन असतं आणि शेजारचे लोक फोन बघत बघत सामान माळ्यावर चढवत असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर क्युसेक, टीएमसी, फूट असं काय काय फिरतं, त्यातलं नेमकं काय बघायचं?
— नवे सांगलीकर

शेजारी चढवतायत तर तुम्हीपण चढवा, हिशोब नंतर करू.

चढवलंत? आता ऐका. टीएमसी ही शिल्लक, क्युसेक ही उचल आणि फूट म्हणजे तुमच्या दारात उभा असलेला वसुलीवाला, दिवाणजीच्या भाषेत एवढंच. कोयना धरणात १०५ टीएमसी मावतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, आणि क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, तेव्हा मेसेज आला की लाख क्युसेक सोडलंय, तर त्याचा अर्थ पावणेतीन तासाला एक टीएमसी तुमच्याकडं चालत निघालंय. चालतच म्हणायचं, कारण ते पाणी कोयनेतनं कराडला येणार, प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळणार, मग ही वळणं ती वळणं घेत भिलवडी, औदुंबर करत इथं यायला साधारण एक दिवस, कधी थोडं जास्त. म्हणून तुमच्याकडं ऊन असतं. ते ऊन आजचं, पाणी कालच्या पावसाचं, आणि पाऊस पडलेला तिकडं महाबळेश्वर-कोयनानगरला.

आणि नुसती कोयना बघून भागत नाही. खाली हरिपूरला वारणा मिळते, तिच्यावर चांदोली धरण. वारणा भरून आली की कृष्णेला पुढं सरकायला जागा राहत नाही आणि ती आपल्याकडं फुगते. त्याच्या पुढं कर्नाटकातलं अलमट्टी धरण, त्याच्यामुळं इथला पूर वाढतो का यावर सांगलीत कुठल्याही कट्ट्यावर तीन तास भांडण होऊ शकतं, मी त्यात पडत नाही. तुम्ही कोयनेचा आणि चांदोलीचा विसर्ग बघा, मधल्या पट्ट्यात किती पाऊस आहे ते बघा, आणि आपल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट आहे ते. ४० ला इशारा, ४५ ला धोका.

हा पूल १९२९ सालचा. पोरं वाढदिवसाला फोटो काढतात त्याच्यावर, आम्ही त्याच्याकडं फक्त पट्टी म्हणून बघतो.

आता स्वतःचं सांगतो, म्हणजे फूट म्हणजे काय ते कळेल. आमच्या जुन्या घराच्या जिन्यात भिंतीवर तीन रेघा आहेत. सगळ्यात खालची २००५ ची, ती वडिलांनी पेन्सिलीनं मारलेली, पाणी उतरल्यावर, चिखलाच्या काठावर, हात थरथरत होता म्हणून जरा तिरकी आहे. तेव्हा आयर्विनला ५४ फुटाच्या आसपास होतं. ती रेघ आमच्या घरात देवासारखी झाली. याच्यावर पाणी येत नसतं असं सगळे म्हणायचे, शेजारी, पाहुणे, मी स्वतः. म्हणून मी काय केलं, त्या रेघेच्या बरोबर एक हात वर फळी ठोकून घेतली आणि दुकानाच्या जुन्या खतावण्या, लाल कापडातल्या, वडिलांच्या अक्षरातल्या, सगळ्या त्या फळीवर रचल्या. मोठा शहाणपणा केला असं वाटत होतं. २०१९ च्या ऑगस्टला ५७ फुटाच्या वर गेलं. आठवड्यानं घरात पाय ठेवला तर फळी जागेवर होती, खतावण्या पण जागेवर होत्या, फक्त फुगून एकमेकांना चिकटल्या होत्या, इतक्या की शेवटी पहारीनं काढाव्या लागल्या. एक उघडून बघितली, शाई सगळी निळी धुक्यासारखी पसरलेली, अक्षर एकही नाही, मधेच कुठंतरी लाल शिक्का तेवढा दिसत होता. दुसरी रेघ मी मारली, पहिलीच्या वर, चार फुटाला थोडी कमी. २०२१ ची दोन्हींच्या मधे पडली.

हळदवाल्यांचं तर त्याआधीच गेलं होतं. हरिपूरला जमिनीत पेवं होती, पंधरा-वीस फूट खोल, तिथली माती अशी की आत पाणी झिरपायचं नाही आणि भिंत ढासळायची नाही, वर तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं. आत पाला आणि चटया लावून हळद भरायची, तोंड बंद करून मातीनं लिंपायचं, की चार-चार वर्षं किडा लागत नसे आणि रंग उलट चढायचा. उघडलं की लगेच उतरायचं नाही, वाट बघायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला म्हणजे आतली हवा खराब, परत झाकण बाजूला ठेवून थांबायचं, तेवढ्यात तंबाखू. दुसऱ्यांदा सोडायचा. जळत राहिला की मगच हमाल उतरणार. भाव कितीही चढलेला असो, आडत्या वर उभा राहून कितीही घाई करू दे, कंदील जळेपर्यंत कुणी उतरत नव्हतं. २००५ ला त्या पेवात पाणी शिरलं, आतली हळद कुजली, त्या वासानं पुढं कितीतरी दिवस त्या रस्त्यानं जाववत नव्हतं. मग सगळा माल गोडाऊन आणि कोल्ड स्टोरेजला गेला. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं, आम्ही पेढे वाटले, पण पेवं काही परत भरली नाहीत.

कुठल्या कुठं गेलो. तुम्हाला एवढंच सांगायचंय की फळी ठोकताना जुन्या रेघेवर विश्वास ठेवू नका, कागदपत्रं वरच्या मजल्यावरच्या कुणाकडं तरी ठेवा, आणि त्यांच्याकडं दिवाळीचा फराळ न चुकता पाठवत जा.

प्रश्न : हाच प्रश्न मी एआयला विचारला, तीन सेकंदात उत्तर आलं. तुम्हाला दोन महिन्यांपूर्वी पाठवला होता.
— कराडची एक कॉलेज विद्यार्थिनी

प्रश्न काय होता तेच सापडत नाहीये बाळ, चष्म्याच्या घरात ठेवला होता बहुतेक. त्याचं उत्तर पटलं असेल तर राहू दे. पटलं नसेल तर परत पाठव.

आणि मीपण वापरतो बरं का ते, नातवानं शिकवलंय. परवा त्याला हळद शिजवायची पद्धत विचारली, छान सांगितली, अगदी मुद्देसूद. मग विचारलं शिजली हे कसं ओळखायचं, तर तेपण बरोबर सांगितलं, काडी टोचून बघा. आमचा शिजवणारा कुकरजवळ उभा राहून नुसत्या वासावर सांगायचा, काडी घ्यायचाच नाही. त्यालाही हे यायला दहा-बारा हंगाम गेले असतील. पण खरं सांगू का, त्याच्या पोरानं काडीच घेतली हातात, आणि त्याचीपण हळद चांगलीच शिजते. त्यामुळे यात मी कुणाच्या बाजूनं बोलावं कळत नाही.

प्रश्न : पुस्तकं विकत घेतो, दहा पानं होतात, मग फोन हातात येतो. कपाटाकडं बघितलं की अपराधी वाटतं. काय करू?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

सर, तुम्ही सातारचे, तुम्हाला मी काय सांगणार. तुमच्याच जिल्ह्यात वाईला मराठी विश्वकोशाचं काम चाललं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी बसले होते त्याला, पहिला खंड आला १९७६ ला आणि विसावा यायला पुढं जवळजवळ चाळीस वर्षं. मधे तर्कतीर्थ गेलेसुद्धा, १९९४ ला. एवढं करून तो आता फोनवर फुकट वाचता येतो, म्हणजे तुम्ही ज्या फोनला शिव्या देताय त्याच्यातच तो आहे आणि आपण त्याच्यावर गुड मॉर्निंगची फुलं बघतोय. दहा पानांनी काही बिघडत नाही. अपराधी वाटायला काही झालेलं नाही, उलट कपाट तरी आहे, माझ्या खतावण्यांचं काय झालं ते वर वाचलंतच.

एकदा भिलारला जाऊन या. २०१७ पासून तिथं घराघरात पुस्तकं ठेवलीत, कुणाच्या ओसरीवर कथा तर कुणाच्या वरच्या खोलीत इतिहास. मी गेलो होतो तेव्हा सकाळी अकराला एका घरात बसलो, पुस्तक उघडलं, आणि घरातल्या मावशी शेजारी बसून स्ट्रॉबेरीची देठं काढत होत्या. ना त्या बोलल्या ना मी. दीडला भूक लागली म्हणून उठलो, तर शंभराच्या वर पानं झाली होती. रेंज नव्हती का आमचं कार्ड चालत नव्हतं, ते बघायचंच राहिलं.

प्रश्न : भाऊ, माझा मुलगा तामिळनाडूत गलाईच्या दुकानात आहे. आमचे सासरे पण त्याच धंद्यात गेले होते, त्यांचं महिन्याला एक पत्र यायचं, ते घरात सगळ्यांना पाठ व्हायचं. मुलगा रोज रात्री व्हिडिओ कॉल करतो, तोंड दिसतं, आवाज येतो, पण फोन ठेवला की वाटतं काहीच बोललो नाही. मी जुन्या वळणाची म्हणून असं होतं का?
— एक आई, विट्याजवळच्या गावातून

नाही ताई, जुन्या वळणाचा काही संबंध नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. खानापूर-आटपाडी भाग दुष्काळी, पोट भरत नव्हतं म्हणून तिथली माणसं सोनं-चांदी गाळायचा धंदा शिकली आणि देशभर पसरली. दक्षिणेत कुठल्याही मोठ्या सराफ पेठेत जा, मागच्या बोळात भट्टी आणि तिच्यासमोर विट्याकडचा माणूस. जत्रेला आणि दिवाळीला गावाला येतात, घर बांधतात, परत जातात.

तर ताई, यार्डात आमच्याकडं हमाल होते, बरेचसे जत-आटपाडीकडचे. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची पत्रं मी लिहून द्यायचो, रविवारी, गादीवर बसून. एक जण होता, अंगानं दांडगा, बोलायला अगदी कमी. पोस्टकार्ड घेऊन यायचा आणि म्हणायचा, लिवा, म्हस किती दूध देतीया. मी लिहायचो. पुढं? लिवा, तिला दुपारी उन्हात बांधू नका. पुढं? वैरण कुणाकडनं घेतली, पैसं किती दिलं. पुढं? डोळ्यातनं पाणी येतंय का अजून. असं सगळं कार्ड म्हशीवर. पहिल्या वेळी मला वाटलं काय माणूस आहे, बायकोचं नाव नाही, पोरांचं नाव नाही. तिकडनं उत्तर यायचं, ते वाचूनपण मीच दाखवायचो, त्यातपण म्हसच. म्हस बरी हाय, रातच्याला हंबरती, तुमची सवय हाय तिला. हे वाचताना तो दुसरीकडं बघायचा आणि म्हणायचा, परत वाचा की जरा. तीन-तीनदा वाचून घ्यायचा.

तुमच्या कॉलमधे म्हस नाहीये, एवढंच झालंय. जेवलास का, जेवलो, बरं आहेस का, बरा आहे, पाऊस आहे का, नाही, ठेवू का, ठेव. रोज रोज नवीन कुठनं आणणार तोही? तेव्हा रोज तोंड दाखवायचा आग्रह सोडा, आठवड्यातनं दोनदा बोला. आणि त्याला भट्टीचं विचारा. आज कुठला दागिना आला होता, किती घट धरली, शेजारच्या तमिळ दुकानदाराशी बोलताना अडतोस का, मालक दुकानाचं भाडं वाढवून मागतोय का. तुम्हाला कळणार नाही असं समजून तो सांगत नसणार. सासऱ्यांच्या पत्रात हेच असायचं की नाही, आठवून बघा.

तुमच्याकडचंपण सांगा. तुम्ही पत्रात पुढं लिहिलंय की टेंभू योजनेचं पाणी आल्यावर बांधाकडची पाच गुंठे मोकळी ठेवलेली, तिथं डाळिंब लावलंय आणि यंदा पहिलंच फळ धरलंय. हे त्याला सांगितलंत का? कॅमेरा तोंडावरनं काढा आणि झाडाकडं धरा. किती फळं आहेत ते तो स्वतःच मोजेल.